आठव्या सवालाचं शेवटचं कडवं

अन्याय झाला तो आमच्या दहिवलीच्या एका बावीस वर्षांच्या शाहिरावर. आणि तो झाला दोन वर्षांपूर्वी, गणपती बसायच्या आधीच्या शुक्रवारी, सकाळी साडेदहा वाजता, शिळफाट्याच्या कॅसेटच्या दुकानात, मुंबईहून आलेल्या खोक्याची सुतळी कापली त्या क्षणी. मी तिथे उभी होते. ऐकीव सांगत नाही.

खोक्यात त्याची दुसरी कॅसेट होती. दुकानदार चाचांनी, ते मूळचे मुरूडकडचे पण शिळफाट्यावर त्यांना वीस वर्षं झालेली, एक कॅसेट काढून पुसली आणि त्याच्या हातात दिली. वरच्या कागदावर नऊवारीतली एक बाई. डोक्यावर कळशी. मागे समुद्र. आमच्या कर्जत-खालापुरात समुद्र नाही, हे छापणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं. उलट्या बाजूला आठ गाण्यांची यादी होती आणि तिच्याखाली बारीक अक्षरात तीन ओळी. गीत: पारंपरिक. संगीत: पारंपरिक. गायक: कोकणचे कलाकार.

पारंपरिक म्हणजे कोणाचं? माझ्या समजुतीप्रमाणे, ज्याचा कर्ता मेला आणि विसरला गेला त्याचं. हा कर्ता तर माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता, कारखान्याचा निळा डगला घालून, मोहोपाड्याच्या दुपारच्या पाळीला जायच्या घाईत.

त्याने कागद दोनदा उलटापालटा केला आणि म्हणाला, "फोटो चांगला हाय."

"फोटो गेला खड्ड्यात," मी म्हटलं. "तुझं नाव कुठाय?"

"नसंल गं जागा राहिली."

"समुद्राला जागा आहे, तुझ्या नावाला नाही?"

चाचा हसले नाहीत. त्यांनी नुसती ती कॅसेट त्याच्या हातातून घेतली, पुन्हा पुसली आणि काचेच्या कपाटात ठेवली, पहिल्या कॅसेटच्या शेजारी. पहिलीवर त्याचं नाव होतं, फोटोही होता, केस पाण्याने चापून बसवलेले. मग तो टेंपोच्या मागे लटकून कामावर गेला. मी तिथेच उभी राहून ठरवलं की हे असं सोडायचं नाही.

तो काय करतो ते सांगायला हवं, कारण कर्जतच्या बाहेरच्या वाचकाला 'शाहीर' म्हटलं की फेटा आणि डफ दिसतो. आमच्याकडे गौरी-गणपतीत सवाल-जवाबाचा नाच असतो. दोन गावांची मंडळी समोरासमोर येतात. पायात चाळ बांधलेले गडी गोल धरून नाचतात, मध्ये ढोलकी, झांज आणि शाहीर. एक शाहीर सवाल टाकतो, दुसऱ्याने तिथल्या तिथे जुळवून जवाब द्यायचा. ह्या सामन्याला बारी म्हणतात. जवाब जमला नाही तर हरलेल्याने जिंकणाऱ्याच्या हातात नारळ द्यायचा. सवाल बहुतेक पुराणातले: अमक्या राक्षसाची बायको कोण, तमक्या देवाने कोणत्या झाडाखाली काय केलं. मधूनमधून एकमेकांच्या गावाची, नाकाची, सासुरवाडीची टिंगल. लोक येतात ते टिंगलीसाठी.

हा पोरगा गातो असं म्हणणं बरोबर नाही. तो बोलतो. पण असा बोलतो की ढोलकी त्याच्या मागे धावते. एका दमात सात-आठ ओळी, प्रत्येक ओळीचं टोक पुढच्या ओळीच्या टोकाला लागलेलं, आणि शेवटच्या शब्दावर झांज अशी पडते की समोरचा दचकतो. हे त्याला शिकवलं एका म्हाताऱ्या कामगाराने. तो खालच्या कोकणातून खोपोलीच्या कारखान्यात आला होता आणि निवृत्तीनंतर दहिवलीतच राहिला. त्याला सगळे बुवा म्हणायचे. बुवा वारले तेव्हा हा अठरा वर्षांचा होता.

पहिली कॅसेट निघाली तेव्हा वीस. तीत एका बाजूला ह्याचे सवाल आणि दुसऱ्या बाजूला खालापूरकडच्या एका शाहिराचे जवाब. सगळं पुराण आणि टिंगल. ती कॅसेट लग्नाच्या मांडवात वाजली, पानटपरीवर वाजली, टेंपोत वाजली. पळसदरीचा एक न्हावी तिच्यातल्या ओळी म्हणत दाढी करायचा, आणि झांजेच्या जागी वस्तऱ्याला झटका द्यायचा, म्हणून लोक त्याच्याकडे जायचे बंद झाले, असं सांगतात. खरं असेल नसेल.

दुसरी कॅसेट वेगळी होती. तिची रिहर्सल आमच्या पडवीत व्हायची, कारण आमच्याकडे वीज जास्त वेळ टिकायची आणि माझं अक्षर चांगलं होतं. तो म्हणायचा, मी वहीत उतरवायचे. मी तेव्हा तरुण मंडळाची पत्रकं लिहायचे: एस.टी.चा थांबा, नळाची लाइन, रेशनचं रॉकेल. लिहायचा हात होता, पण त्याच्या वेगाने लिहिणं मला कधी जमलं नाही. "हळू रं, दादा," मी म्हणायचे, आणि तो म्हणायचा, "हळू म्हनलं की मला आठवत नाय."

आठ सवाल. त्यात एकही राक्षस नाही, एकही देव नाही. पहिल्या सवालात शिळफाट्याला उभा असलेला माणूस विचारतो की पुण्याच्या गाड्या कोणाला ओलांडू द्यायला थांबतात. तिसऱ्यात एक शेत विचारतं की माझ्यावर कॉलनी उभी राहिली, आता माझा भात कोणाच्या ताटात आहे. आणि आठवा, जो त्याचा सगळ्यात लाडका, तो असा:

गेटावर टांगलं नाव माझं, आत गेला बिल्ला,
आठ तास राबला कोन, सांग रं तू मला?
भोंगा झाला, बिल्ला दिला, नाव खुंटीवर नाय,
घरी आला तो मानूस कोन, हाक मारू काय?

तो कंत्राटी कामगार होता. गेटवर ह्यांना पितळेचा नंबरी बिल्ला मिळतो आणि आठ तास मुकादम नंबरानेच हाक मारतो. मी विचारलं होतं, "तुला कोणत्या नंबरने बोलवतात?" त्याने सांगितलं नाही. "त्यो नंबर वहीत नको उतरवू," एवढंच म्हणाला.

आता मुद्द्याची गोष्ट. सवालाच्या शेवटच्या कडव्यात शाहीर स्वतःचं नाव गुंफतो. आधी गुरूचं, मग गावाचं, मग आपलं. ते कडवं आलं की लोकांना कळतं, सवाल कोणाचा. माझ्या वहीत आठव्या सवालाचं असं कडवं होतं. चार ओळी, बुवांचं नाव, दहिवली, मग त्याचं नाव, इतकं सहज बसवलेलं की ओळ संपून गेल्यावर लक्षात यायचं, अरे, नाव येऊन गेलं. मी ते स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

आणि कॅसेटवर ते नव्हतं.

मी घरी येऊन आठवा सवाल किती वेळा ऐकला माहीत नाही. आमच्या टू-इन-वनचं रिवाइंडचं बटण त्या आठवड्यात ढिलं झालं ते झालंच. ऐकता ऐकता मला एक चमत्कारिक गोष्ट सापडली. सगळ्या गाण्यांत चाळांचा आवाज दुरून येतो, भिंतीपलीकडून यावा तसा. आठव्या सवालात त्याचं बोलणं थांबतं, ढोलकी थांबते, झांज थांबते. पण चाळ थांबत नाहीत. छुम, छुम. दोन ठेके पुढे जातात आणि मग शांतता.

दोन ठेके! नाचणारे गडी पुढच्या कडव्यात शिरले होते. म्हणजे पुढचं कडवं होतं. म्हणजे ते कापलं. म्हणजे कोणीतरी कात्री घेऊन त्या टेपमधून एका माणसाचं नाव काढून टाकलं आणि चाळांचे दोन ठेके काढायला विसरलं.

मला आजही वाटतं की ऐकलं ते बरोबर ऐकलं. चूक झाली ती त्यानंतर.

पत्रकात 'कदाचित' हा शब्द चालत नाही. 'असे वाटते' चालत नाही. मला तसंच शिकवलं होतं, आणि मला ते आवडायचं. मी गुलाबी कागदावर पत्रक छापून घेतलं, मथळा मोठ्या टाइपात: 'शेवटचं कडवं कोणी कापलं?' खाली उत्तरही मीच देऊन टाकलं: 'मुंबईच्या स्टुडिओतील ध्वनिमुद्रकाने, मालकाच्या इशाऱ्यावर.' चाळांच्या दोन ठेक्यांचा पुरावा दिला. लोकांना सांगितलं की स्वतः ऐका. कर्जत स्टेशनच्या बाहेर, शिळफाट्यावर आणि मोहोपाड्याच्या बाजारात मी आणि मंडळाच्या दोन मुलींनी ती पत्रकं वाटली. लोकांनी खरंच ऐकलं. टपरीवर टेप लावून माणसं कान देऊन उभी राहायची आणि म्हणायची, "हा बघ, हा बघ, छुम छुम! कापलंय साल्यांनी!"

ह्या सगळ्यात एका माणसाला मी काहीच विचारलं नाही. ज्याचं नाव कापलं गेलं होतं त्याला. तो पाळीवर असायचा, हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं. खरं कारण असं की ज्याच्यावर अन्याय झाला त्याला काय विचारायचं असतं, त्याच्या वतीने फक्त बोलायचं असतं, असं मी धरून चालले होते. कुठे शिकले कोण जाणे.

पंधरवड्याने चाचांनी निरोप दिला. "बेटी, स्टुडिओवाला बोलावतोय तुला. म्हणाला, पत्रक लिहिणारीला सांगा, कान घेऊन या."

"रागात होता?"

"रागात असता तर शिव्या दिल्या असत्या. त्याने चहाला बोलावलंय. मला तर त्याचीच भीती वाटते."

मी गेले. वही पिशवीत घातली आणि गेले. मला वाटलं होतं स्टुडिओ म्हणजे काहीतरी चकचकीत असेल. एका इमारतीच्या मागच्या अंगाला, छपाईच्या कारखान्याच्या वर, दोन खोल्या. भिंतींना गोणपाट, त्याच्यावर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले. मी त्या ट्रेंना हात लावून बघितला. का ते मला अजून सांगता येत नाही, पण एवढ्या मोठ्या आवाजांना धरून ठेवणारी गोष्ट इतकी हलकी असेल असं वाटलं नव्हतं.

ध्वनिमुद्रक पन्नाशीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. माझं गुलाबी पत्रक त्याच्या टेबलाच्या काचेखाली होतं.

"ह्याच्यात माझं नाव घातलं नाहीत, आभारी आहे," तो म्हणाला. "पण ह्या स्टुडिओत ध्वनिमुद्रक एकच आहे. मालक वाचतात."

त्याने कपाटातून तव्याएवढं रीळ काढलं आणि ते माझ्या हातात दिलं.

"कापलेली टेप कशी जोडतात माहितीये?"

"नाही."

"पांढऱ्या चिकटपट्टीने. तपकिरी टेपवर पांढरा डाग. आंधळ्यालाही बोटाने लागतो. उलगडा. शोधा."

त्याने ते मशीनवर चढवलं आणि हळूहळू फिरवलं. मी वाकून बघत राहिले. आठव्या सवालाचा सगळा भाग डोळ्यांसमोरून गेला, ओल्या मातीच्या रंगाचा, अखंड. एकही जोड नव्हता. एका ठिकाणी मला वाटलं सापडला. धूळ होती. त्याने फुंकर मारली.

"आता ऐका. कॅसेटवर जेवढं आहे त्याच्या पुढचं ऐका. कॅसेटवर आम्ही शेवट हळूहळू मिटवतो. रिळावर सगळं राहतं."

आठवा सवाल लागला. त्या मोठ्या स्पीकरमधून त्याचा आवाज आला तेव्हा मला पहिल्यांदा त्याचा श्वास ऐकू आला. आमच्या टू-इन-वनमध्ये श्वास येत नाही. हाक मारू काय, झांज, शांतता. छुम, छुम. आणि मग कॅसेटवर कधीच न आलेलं बोलणं. आधी काचेमागून ध्वनिमुद्रकाचा आवाज:

"अजून एक कडवं आहे ना?"

आणि मग ह्याचा, दमलेला:

"हाय. पन ते जवाब आल्यावर."

दारापलीकडून एक नाचणारा, मोठ्याने: "थांबला का रं? आमी तर चाललोय!"

आणि सगळे हसले. ह्याचं हसणं सगळ्यात मोठं.

रीळ संपून टेपचं टोक फटफट करत राहिलं. ध्वनिमुद्रकाने ते लगेच थांबवलं नाही.

"नाचणाऱ्यांना आत घेतलं तर पायांची धमक मायकात शिरते," तो म्हणाला. "आणि नाच नसला तर तुमच्या शाहिराला ओळी सुचत नाहीत. म्हणून दोघांना बाहेर बोळात नाचवलं, दार अर्धं उघडं ठेवून. त्यांना ह्याचा हात दिसत नव्हता. ते कडव्याच्या भरवशावर पुढे गेले. दोन ठेके." त्याने दोन बोटं वर केली. "तुमचा कान चांगला आहे. असा कान माझ्या हाताखालच्या कोणाला नाही. पण तुम्ही विचारायला यायचं होतं."

"आणि 'पारंपरिक'?" मी विचारलं. आवाज जरा खाली आला होता, पण मी विचारलं.

"ते कंपनीचं. मी फक्त आवाज बघतो. त्यांनी कॅसेट ऐकली असेल, नाव कुठे आलं नाही, लिहून टाकलं."

"करारावर त्याची सही आहे. त्यांना माहीत होतं."

"मग हे लिहायचं होतं पत्रकात," तो म्हणाला. "हे खरं होतं."

चहा गार झाला होता. मी तो तसाच प्यायले.

परत आल्यावर मी थेट त्याच्या घरी गेले. तो अंगणात ढोलकीच्या दोऱ्या आवळत बसला होता. मी वही त्याच्यापुढे टाकली, ते पान उघडून.

"हे तू गायला नाहीस."

"नाय."

"मग मला सांगितलं का नाहीस? मी गावभर बोंब मारली."

"तू इचारलंस कवा? मोहोपाड्याच्या बाजारात तुझा कागद माझ्याच हातात दिला तुझ्या मैतरनीनं. मी वाचला. म्हटलं, ही रागावलीये, बरं दिसतंय, रागावू दे."

"चेष्टा करू नकोस. का नाही गायलास?"

त्याने दोरी दाताने धरून ताणली, गाठ बसवली, मग बोलला. बुवांचा नियम होता. सवाल टाकला की नाव घ्यायचं नाही. समोरून जवाब आला, की मग शेवटचं कडवं, मग नाव. नाव घेतलं की बारी मिटली, असा अर्थ होतो. जवाब यायच्या आधी नाव घेणारा शाहीर म्हणजे जेवायच्या आधीच आचवणारा पाहुणा. पहिल्या कॅसेटमध्ये दुसऱ्या बाजूला जवाब होते, म्हणून नाव होतं. दुसरीत नुसते सवाल.

"पण ही कॅसेट आहे, बारी नाही! कॅसेटला समोरून कोण जवाब देणार?"

"द्यायला नको का कुनी?" तो म्हणाला. "मी काय गंमत म्हनून इचारलंय?"

मी आजवर जेवढे प्रश्न पत्रकात छापले त्यांतल्या एकाचंही उत्तर मला नको होतं. उत्तर मला आधीच माहीत असायचं. ह्याने आठ प्रश्न विचारले होते आणि तो खरोखर थांबला होता.

मी दुसरं पत्रक काढलं. त्याच गुलाबी कागदावर, त्याच तीन ठिकाणी, स्वतःच्या हाताने वाटलं. ध्वनिमुद्रकाने काहीही कापलेलं नाही, चूक माझी, असं लिहिलं. ते कोणी टपरीवर वाचून दाखवलं नाही. कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की गायकाने नाव गायलेले नसल्याने रचना पारंपरिक समजण्यात आली. मी पुन्हा लिहिलं की नाव न घेणं आणि नाव पुसणं ह्या दोन गोष्टी आहेत, आणि करारावरची सही तुम्ही वाचू शकता. ह्याला उत्तर आलं नाही.

कॅसेट तशी पडूनच होती. चाचा म्हणायचे, "पहिली घेऊन जायचे ते परत यायचे दुसरी प्रत मागायला. ही घेऊन जातात आणि परत आणून ठेवतात. घासलेली निघाली म्हणतात. मी लावून बघतो. घासलेली नसते. ऐकणाऱ्याला टोचलेली असते."

हे सगळं इथे संपलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता.

पुढच्या वर्षी गौरीजेवणाच्या दुपारी दहिवलीच्या शाळेमागच्या मैदानात बारी होती. समोर खालापूरकडची नवी मंडळी, शाहीर एकोणीस-वीसचा, उत्साही, पायात नवे चाळ. दोन फेऱ्या पुराणाच्या झाल्या. आमचा बरोबरीने जवाब देत होता. तिसऱ्या फेरीला त्या पोराने झांज वाजवली आणि सुरू केलं:

"गेटावर टांगलं नाव माझं, आत गेला बिल्ला..."

दहिवलीची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्याने सगळा सवाल म्हटला, एक शब्द चुकला नाही. चांगला म्हटला. आणि झांज पाडून आमच्याकडे बोट केलं, जसं करायचं असतं तसं. जवाब द्या.

स्वतःच्या सवालाला स्वतः जवाब द्यायचा नसतो. हाही बुवांचाच नियम, पण ह्याला बुवा कशाला हवेत, हे कोणालाही कळतं.

आमच्या बाजूने एक म्हातारा ओरडला, "अरे, तो त्याचाच हाय रं सवाल!"

"कोनाचा?" त्या पोराने विचारलं. खरंच विचारलं, वाकड्यात नाही. "काका, जुनं गानं हाय ते. कॅसेटवर लिवलंय, पारंपरिक. माझ्या आत्यानं आनलीये शिळफाट्यावरनं."

"दादा, नाव घे की!" मी ओरडले. "शेवटचं कडवं म्हण! आत्ता म्हण!"

त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं घेईल. त्याचे ओठ हलले. ढोलकीवाल्याने हात उचलूनही धरला होता. मग त्याने झांजेची जोडी पायाशी ठेवली, पिशवीतून नारळ काढला, गोल ओलांडून गेला आणि त्या पोराच्या हातात दिला.

"चांगला म्हनलास," तो त्याला म्हणाला. "तिसऱ्या ओळीत दम कमी पडतो. आधी घ्यायचा."

त्या पोराला काही समजलं नव्हतं. तो नारळ घेऊन पाया पडला.

चौथ्या फेरीला आमचा उभा राहिला नाही. आणि तेव्हापासून, म्हणजे आता वर्ष होत आलं, तो कुठल्याच बारीत उभा राहिलेला नाही. तिसरी कॅसेट करायला चाचांनी एका दुसऱ्या माणसाशी बोलून ठेवलं होतं. हा म्हणाला, "दुसरी कुठं संपलीये?" कामावर जातो, येतो. ढोलकी खुंटीला आहे. मी मधे एकदा विचारलं, की दुसऱ्या कोणाकडून कधी जवाब आलाच नाही तर काय. तो म्हणाला, "मंग कंपनीनं बरोबरच लिवलंय. ज्याला कुनी जवाब देत नाय, ते कुनाचंच नसतं."

हे वाक्य मला मान्य नाही. पण त्याला उलटं करून दाखवायला पत्रक उपयोगाचं नाही, आणि कोर्टही नाही. मी स्वतः जवाब लिहायला बसले होते. आठ दिवस. घरी आला तो माणूस कोण, हाक काय मारायची? मी जे लिहिलं ते पत्रक झालं, कामगार एकजुटीचं, आणि ढोलकीवर बसेना. शिवाय मी त्याच्या बाजूची. जवाब समोरून यायला लागतो.

ह्या लेखात मी त्याचं नाव लिहिलेलं नाही. लिहायला निघाले होते. त्याने वहीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तुझ्या पेनातनं नको गं बाय. आलं तर माझ्या तोंडातनं येऊ दे." म्हणून त्या चार ओळी अजून माझ्या वहीतच आहेत.

तेव्हा आता तुमच्याकडे काम आहे. सवाल मी वर दिला आहे, पुरा, चार ओळींचा. तुम्ही कुठल्या गेटात बिल्ला घेऊन जात असाल, किंवा तसं जाणारं कोणी तुमच्या घरी परत येत असेल, तर तुम्हाला उत्तर माहीत आहे. माहीत नसेल तर त्या माणसाला आज विचारा. मग ते जुळवा. वाकडंतिकडं असलं तरी चालेल, ठेक्यात बसलं पाहिजे. येत्या गौरीजेवणाच्या दुपारी दहिवलीच्या शाळेमागे या, मी त्याला घेऊन येते, त्याच्या समोर उभे राहा, आणि जवाब द्या.